केंटकीतल्या पूर्वजाच्या मागे, व्हर्जिनियापर्यंत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुमचे पती अमेरिकन आहेत आणि सासरचं घराणं केंटकीचं. सासरे सांगतात की पूर्वी तीन भाऊ इंग्लंडहून जहाजाने आले आणि त्यांच्या वंशातला एकजण जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेत लढला. तुम्ही स्वतः कागद लावत लावत १८५० च्या जनगणनेपर्यंत पोचलात. तिथे त्या आडनावाचा ६२ वर्षांचा शेतकरी मिळाला, जन्म व्हर्जिनिया. त्याच्या मागे काही हाती लागत नाही. एका संकेतस्थळावर मात्र कुणीतरी टाकलेल्या वंशवृक्षात हाच माणूस थेट १६४० च्या इंग्लंडपर्यंत जोडलेला दिसतो. तो वंशवृक्ष खरा मानावा का, आणि नसेल तर आणखी कोणत्या संकेतस्थळाचं सभासदत्व घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

सभासदत्व आत्ता घेऊ नका. १७८८ च्या सुमारास व्हर्जिनियात त्या नावाआडनावाची एकाहून अधिक मुलं जन्मली असणार. त्यांतला केंटकीला आलेला तुमचा कोणता, हे ठरवणं ही खरी अडचण आहे. नाव टाकून शोधलंत की प्रत्येक संकेतस्थळ तेच नाव पुन्हा पुन्हा दाखवेल, पण त्यातून माणूस वेगळा काढून देणार नाही. तो काढावा लागतो जमिनीवरून, करावरून आणि शेजाऱ्यांवरून. वीसेक वर्षं मी हे काम करते आहे, त्यातली बरीचशी केंटकी आणि व्हर्जिनियातल्या काउंटी (आपल्याकडचा जिल्हा म्हणा) कोर्टांच्या दफ्तरांत गेली. अशा अडलेल्या घराण्यांत वाट सापडली ती जवळपास प्रत्येक वेळी याच तीन गोष्टींमधून.

यश किती येईल हे बरंच परिस्थितीवर आहे. घराणं मॅसॅच्युसेट्सचं असतं तर माझं उत्तर अर्ध्या पानात संपलं असतं. तिथल्या गावांनी सतराव्या शतकापासून जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवले आणि १८४१ पासून राज्यानेही ते गोळा केले. घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं असतं तर त्यांच्या सभांच्या वह्यांत एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेल्याचे दाखले मिळाले असते. व्हर्जिनियातून केंटकीला गेलेल्या साध्या शेतकऱ्याचं तसं नाही. तो जमिनीचा मालक होता की कुळ म्हणून कसत होता, आणि त्याच्या काउंटीचं कोर्ट जळलं की वाचलं, या दोन गोष्टींवर तुमचं बरंच काही ठरेल.

१८५० पाशीच का अडतं ते पाहू. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण पहिल्या सहा जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकीची माणसं नुसत्या आकड्यांत: इतके पुरुष, इतक्या बायका, अमुक वयोगटातले इतके. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव १८५० मध्ये पहिल्यांदा लिहिलं गेलं, आणि कुटुंबप्रमुखाशी नातं काय हा रकाना तर १८८० मध्ये आला. त्यामुळे १८५० च्या घरात दिसणारी तरुण बाई मुलगी आहे, सून आहे की दुसरी बायको, हेही तो कागद सांगत नाही. शिवाय १७९० ची व्हर्जिनियाची आणि १७९० व १८०० ची केंटकीची मूळ पानं आज उरलेली नाहीत. म्हणजे तुमच्या माणसाचं बालपण ज्या वर्षांत गेलं, नेमका तोच भाग रिकामा.

म्हणून आधीच्या जनगणना टाकून देऊ नका. १८१० ते १८४० ची चारही पानं काढा आणि आकडे एका कागदावर उभे मांडा. १८१० मध्ये घरात एक वयस्क जोडपं दिसतं आणि १८२० मध्ये नाही, एवढ्यावरूनही आईवडील कधी गेले याचा अंदाज बांधता येतो. १८४० ची जनगणना विशेष लक्ष देऊन पाहा. त्या वर्षी युद्धाचं निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची नावं आणि वयं वेगळ्या रकान्यात लिहिली गेली. मुलाच्या घरी राहणारा ऐंशी वर्षांचा म्हातारा सैनिक तिथे नावानिशी दिसतो. अनेकजण पानाची फक्त डावी बाजू बघतात आणि हा रकाना त्यांच्या नजरेतून सुटतो.

आणखी एक कागद आहे, आणि तो मी सर्वांत आधी मागवीन. केंटकीने १८५२ मध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद ठेवण्याचा कायदा केला. तो दहाएक वर्षांत बारगळला आणि कायमची नोंदणी १९११ मध्ये सुरू झाली. पण त्या मधल्या काळातल्या मृत्यूच्या वह्यांत मेलेल्याचं जन्मस्थान आणि आईवडिलांची नावं लिहिलेली सापडतात. तुमचा माणूस १८५० मध्ये ६२ चा होता. १८६० च्या जनगणनेत तो दिसत नसेल तर तो याच वर्षांत गेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या वडिलांचं नाव त्या एका ओळीत मिळू शकेल. मिळालं तरी लक्षात ठेवा, ते मुलाने किंवा शेजाऱ्याने सत्तर वर्षांनंतर आठवून सांगितलेलं असतं.

आता व्हर्जिनिया. ‘जन्म व्हर्जिनिया’ याचा अर्थ आजच्या नकाशावरून लावू नका. केंटकी स्वतः १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता, आणि आजचा वेस्ट व्हर्जिनिया १८६३ पर्यंत. १७८८ मध्ये केंटकीत जन्मलेला माणूस १८५० मध्ये आपला जन्म व्हर्जिनियातला सांगू शकतो आणि तेही खरंच असतं. काउंट्यांची गत याहून गुंतागुंतीची. फिनकॅसल नावाची काउंटी १७७२ मध्ये झाली आणि पाच वर्षांच्या आत मोडून तिच्या माँटगोमेरी, वॉशिंग्टन आणि केंटकी अशा तीन काउंट्या झाल्या. त्यांतली केंटकी काउंटी १७८० मध्ये फुटून फेएट, जेफरसन आणि लिंकन झाल्या. एखादं कुटुंब घर न हलवता दहा वर्षांत तीन काउंट्यांत राहून जाई आणि त्याचे कागद तीन वेगळ्या कोर्टांत पडत. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंट्यांच्या सीमा कोणत्या तारखेला कशा बदलल्या याचा नकाशासंग्रह तयार केलाय, तो फुकट पाहता येतो. शोध सुरू करण्याआधी तुमच्या काउंटीची, ती कधी कशातून फुटली याची, अशी एक कुंडली मांडून घ्या.

जळलेल्या काउंट्यांचं दुःख मला दर वेळी नव्याने होतं. यादवी युद्धात व्हर्जिनियातल्या काही काउंट्यांनी आपली दफ्तरं सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पेटलं आणि जपायला दिलेलं सगळं तिथेच राख झालं. तुमची काउंटी त्यांतली निघाली तर खचू नका. कराच्या याद्यांची एक प्रत राज्याकडे जात असे, त्यामुळे कोर्ट जळलं तरी त्या बहुधा वाचलेल्या असतात.

व्हर्जिनियात १७८२ पासून माणसागणिक आणि घोडे, गुरं, गुलाम यांच्यावर दरवर्षी कर होता. जनगणना दहा वर्षांनी एकदा, पण ही यादी दरसाल. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की साधारणपणे त्याचं नाव यादीत स्वतंत्र येतं. त्याआधी सोळा वर्षांवरचा म्हणून तो बापाच्या नावापुढच्या आकड्यात मोजला जातो. बापाच्या नावापुढचा आकडा एकाने कमी होतो आणि त्याच वर्षी नवं नाव उगवतं, हे पाहिलं की बापलेकाचं नातं समोर उभं राहतं. मग एके वर्षी नाव गायब होतं आणि पुढच्या वर्षी केंटकीच्या यादीत तितक्याच घोड्यांसह दिसतं. केंटकीच्या जुन्या कर याद्या तर फारच गुणी आहेत. त्यांत जमीन किती एकर, कोणत्या ओढ्यावर, आणि तिचा दावा, मोजणी व सनद मुळात कुणाच्या नावे झाली हेही रकान्यांत लिहितात. तुमच्या माणसाची जमीन दुसऱ्याच कुणाच्या नावे मोजलेली असेल तर तो दुसरा कोण याचा शोध घ्या. मला तिथे सासरा सापडलाय, मामा सापडलाय, आणि दोनदा बाप.

शेजारी का महत्त्वाचे तेही सांगते. कम्बरलंड खिंडीतून केंटकीला जाणारी वाट १७७५ मध्ये सरहद्दीवरचा वाटाड्या डॅनियल बून आणि त्याच्या माणसांनी पाडली, आणि त्यानंतर लोक त्या वाटेने एकेकटे गेले नाहीत. भावकी, सासुरवाडी, एका चर्चची मंडळी असे जथेच्या जथे निघाले आणि नव्या मुलखातही एकमेकांच्या लगत जमिनी धरल्या. तेव्हा तुमच्या माणसाच्या केंटकीतल्या दहा शेजाऱ्यांची यादी करा. खरेदीखतातले साक्षीदार, लग्नाच्या जामीनपत्रावर नवऱ्यासाठी जामीन म्हणून सही करणारा, बांधाला बांध असलेले, सगळे घ्या. जामीन राहणारा बहुधा नवरीचा बाप किंवा भाऊ असतो. मग या दहाजणांना व्हर्जिनियात शोधा. तुमच्या माणसाचं नाव चारचौघांसारखं असेल, पण या दहांतली चार-पाच वेगळी आडनावं एकाच काउंटीच्या एकाच ओढ्याकाठी मिळाली की तुम्ही योग्य गावात आहात.

खरेदीखतं वाचताना मराठी माणसाला एक सोय आहे: चतुःसीमा म्हणजे काय हे आपल्याला समजावून द्यावं लागत नाही. व्हर्जिनिया आणि केंटकीत जमीन अशीच मोजली जाई, पांढऱ्या ओकपासून अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत इतके पोल, तिथून ओढ्याच्या वळणाने इतके. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. आणि बाप मेल्यावर सातबारावर जशी सगळ्या वारसांची नावं चढतात, तशीच तिथे वारसांनी मिळून केलेली विक्रीची खतं असतात. एका कुटुंबासाठी मी आठ महिने बापाचं मृत्युपत्र शोधत होते. ते नव्हतंच. शेवटी सात वारसांनी ओढ्याकाठची जमीन विकल्याचं एक खत मिळालं. मुलींची नावं त्यांच्या नवऱ्यांसह लिहिलेली होती, आणि आमच्या माणसापुढे लिहिलं होतं, ‘सध्या राहणार केंटकी’. ते खत बापाच्या नावाखाली सूचीत नव्हतं. पहिल्या जावयाच्या आडनावाखाली होतं. म्हणून सूचीत फक्त आपलं आडनाव पाहून थांबू नका.

घरातल्या बायकांचा माग लावायलाही जमिनीचेच कागद उपयोगी पडतात. नवऱ्याच्या जमिनीत विधवेला हयातभर एक तृतीयांशाचा हक्क असे, त्यामुळे जमीन विकताना बायकोला नवऱ्यापासून बाजूला नेऊन, ती राजीखुशीने हक्क सोडतेय ना, असं विचारून लिहून घेत. त्या चार ओळींत तिचं नाव येतं. एखाद्या माणसाने ‘प्रेमापोटी आणि एका डॉलरच्या मोबदल्यात’ कुणाला जमीन दिली असेल तर तो बहुधा सासरा किंवा बाप असतो.

मृत्युपत्रात मुलाचं नाव नाही म्हणजे तो मुलगाच नव्हे, असं धरू नका. व्हर्जिनियात १७८५ चा कायदा येईपर्यंत मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्याला जाई, आणि मृत्युपत्र असलं तरी थोरल्याला आधीच दिलं म्हणून त्याचा उल्लेख टाळत. मृत्युपत्रासोबत मालमत्तेची यादी, लिलावात कोणी काय विकत घेतलं त्याचा तक्ता आणि अज्ञान मुलांना नेमलेल्या पालकांचे कागद हेही मागवा. आईची कातण्याची चरखी किंवा बापाचं बायबल लिलावात कोण घेतं हे पाहिलं की घरचे कोण ते कळतं.

याच याद्यांत तुम्हाला माणसंही सापडतील. घोडा, नांगर, पिसांची गादी, आणि त्याखाली गुलाम ठेवलेल्या माणसाचं नाव आणि किंमत. घराणं व्हर्जिनिया-केंटकीचं आहे, तेव्हा याची तयारी ठेवा आणि सासऱ्यांपासून लपवू नका. १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत, पण त्यांत मालकाचं नाव आणि गुलामांचं फक्त वय, लिंग आणि रंग. मुक्त झालेले हे लोक नावानिशी जनगणनेत आले ते १८७० मध्ये. त्याआधीचा त्यांचा माग काढायचा तर मालकाच्या घरातल्या मृत्युपत्रांवर आणि याद्यांवरच भिस्त असते. तुम्हाला सापडलेली अशी प्रत्येक नोंद, नाव, वय आणि कुणाच्या वाट्याला गेलं यासह, पूर्ण उतरवून घ्या आणि इतरांना शोधता येईल अशी ठेवा. कुणीतरी आपल्या खापरपणजीला शोधत त्याच वहीपर्यंत यायची धडपड करत असतं. मी अशा लोकांबरोबर काम केलंय, आणि एका नावावर त्यांची वर्षं गेलेली पाहिली आहेत.

केंटकीतली दिवाणी प्रकरणंही सोडू नका. तिथे जमिनीच्या सनदा एकावर एक चढल्या होत्या. खुद्द बूनच्या जमिनी दाव्यांच्या घोळात गेल्या आणि तो १७९९ मध्ये मिसूरीकडे निघून गेला. त्या भांडणांत म्हाताऱ्यांच्या जबान्या आहेत: माझं वय इतकं, मी अमुक साली अमक्याबरोबर इथे आलो, हे झाड तेव्हा खुणेचं होतं. एवढं खुलं बोलणं दुसऱ्या कुठल्याच सरकारी कागदात नाही. व्हर्जिनियाकडची अशी पुष्कळ प्रकरणं लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या सूचीत मूळ पानांच्या चित्रांसह फुकट आहेत.

इथवरचा क्रम असा: मृत्यूची वही, चार जनगणनांचे आकडे, काउंटीची कुंडली, कर याद्या, शेजारी, मग खतं आणि वारसाचे कागद. हे झाल्यावर सैनिकाकडे वळा. त्याआधी नको, कारण तेव्हा तुम्हाला त्या नावाचे सगळेच सैनिक आपले वाटतील.

क्रांतियुद्धाच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या, सैनिकांना १८१८ च्या कायद्याने निवृत्तिवेतन मिळालं, पण ते गरजूंना. १८३२ च्या कायद्याने सहा महिने सेवा केलेल्या सगळ्यांना, गावच्या मिलिशियातल्यांनाही (नागरिकांच्या हंगामी फौजेतल्यांनाही), अर्ज करता आला, आणि १८३६ पासून विधवांना अधिक मोकळेपणाने. वॉर डिपार्टमेंटचे, म्हणजे युद्धखात्याचे, आधीचे कागद नोव्हेंबर १८०० च्या आगीत गेले होते. त्यामुळे या म्हाताऱ्यांना कोर्टात उभं राहून आपली कथा तोंडी सांगावी लागली: जन्म कुठे, भरती कुठून, नंतर कुठे कुठे राहिलो. तुमच्या माणसाचा बाप १७६० च्या आसपासचा असेल तर १८३२ मध्ये तो सत्तरीत असणार. विधवांनी तर लग्नाचा पुरावा म्हणून कौटुंबिक बायबलातली पानंच फाडून जोडली आहेत. या फायली अमेरिकन सरकारच्या दफ्तरखान्याच्या, नॅशनल आर्काइव्ह्जच्या, ऑनलाइन सूचीत पाहता येतात.

आता तो १६४० पर्यंतचा वंशवृक्ष. मी तो मानणार नाही, आणि तुम्हीही पुरावा दिसेपर्यंत मानू नका. त्यातल्या प्रत्येक पिढीच्या सांध्यावर बोट ठेवून एकच विचारा: हा याचा मुलगा, हे कोणता कागद सांगतो? उत्तर ‘दुसरा वंशवृक्ष’ असेल तर सांधा सुटलेला आहे. बहुतेक वेळा चूक अमेरिकेतल्या पहिल्या पिढीत असते, समुद्र ओलांडायच्या जागी, कारण जहाजांच्या प्रवाशांच्या याद्या सरकारने नेमाने ठेवायला सुरुवात केली ती १८२० पासून. गुस्टाव्ह अँजो नावाच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन खोट्या वंशावळी करून दिल्या, आणि त्यांतले दुवे आजही नकलांच्या नकलांत फिरतात. तीन भावांची गोष्ट तर मी इतक्या घराण्यांत ऐकलीय की तिला पुरावा न धरता, एकाच आडनावाची वेगवेगळी कुटुंबं जोडायची जुनी रीत समजते.

जुने कागद वाचताना दोन गोष्टी फसवतात. ‘सिनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बापलेक असंच नाही. एका नावाचे दोघं गावात असले की मोठा आणि धाकटा, मग ते चुलते-पुतणे असोत की नात्याचे नसोत. आणि १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणजे १७४० चा एप्रिल आधी येतो आणि १७४० चा फेब्रुवारी नंतर. वॉशिंग्टनचा जन्म जुन्या कालगणनेने ११ फेब्रुवारी १७३१, आणि आज तो २२ फेब्रुवारी १७३२ म्हणून पाळतात.

डीएनए चाचणी करायची असेल तर नवऱ्याच्या आधी सासऱ्यांची करा. एक पिढी जवळ आहे. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्राची चाचणी आडनावाच्या ओळीसाठी खरी उपयोगाची, पण त्याच आडनावाच्या, व्हर्जिनियाशी कागदोपत्री जोडलेल्या दुसऱ्या पुरुषाने ती केलेली असेल तरच.

पैसे न घालता सुरुवात करायची तर फॅमिलीसर्च या मॉर्मन चर्चच्या फुकट संकेतस्थळावर खातं काढा. या चर्चने १९३८ पासून काउंटी दफ्तरांचे फोटो घेतले, ते तिथे आहेत. काही पानं घरून उघडत नाहीत, त्यासाठी जवळच्या संलग्न ग्रंथालयात जावं लागतं. अलीकडे तिथे हस्ताक्षर यंत्राने वाचून खतांच्या मजकुरात शोधायची सोय झालीय. पूर्वी सूचीत नसलेला साक्षीदार शोधायला शेकडो पानं उलटावी लागत, आता तो काही मिनिटांत समोर येतो. यंत्र आडनाव चुकीचं वाचतं, म्हणून चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहा. त्या काळी कारकूनही ऐकू येईल तसंच लिहीत.

आणि या आठवड्यात सासऱ्यांकडे जाऊन जुनं बायबल, जमिनीचे कागद, कुणाच्या पत्राचा लिफाफा, जे असेल ते मागा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. बायबल मिळालं तर आधी ते छापल्याचं वर्ष पाहा. १८६० साली छापलेल्या बायबलात १७८८ चा जन्म लिहिलेला असेल तर तो नंतर कुणीतरी आठवून लिहिलाय. फोटो आणि केंटकीच्या काउंटीचं नाव कळवा, म्हणजे तिचं कोर्ट कधी जळलं होतं का, ते मी पाहून सांगते.